पाठमोरे दोस्त

सायकलवर रांगेने जाणाऱ्या माणसांना एकमेकांचे चेहरे कमी आणि पाठी जास्त ओळखीच्या असतात. चढ लागला की कोणाचा डावा खांदा वर येतो, दम संपत आला की कोणाची कोपरं बाहेर पडतात, कोणाच्या मागच्या खिशात केळं आहे आणि कोणाच्या पंक्चरचं सामान, हे आमच्या ग्रुपमधल्या कोणाहीबद्दल मी झोपेत सांगेन. मास्तरांची उजवी टाच पेडल मारताना आत वळते. वकील सपाट रस्त्यावरही ब्रेकवरचं बोट काढत नाहीत. डॉक्टरने एकदा मान खाली घातली की अर्धा तास ती वर करत नाही. पण मास्तर मूळचे कुठले, वकिलांना मुलं किती, डॉक्टरच्या घरी कोण असतं, असं कोणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. पहाटे पाचला अंधारात हेल्मेट घालून भेटायचं आणि आठच्या आत घामेजलेलं घरी पळायचं. मधे चौकशीला जागा कुठे? नावंही आम्ही धंद्यावरून पाडलेली. मी बँकेत, म्हणून मॅनेजरताई. मी मॅनेजर नाही, हे सांगण्याइतका दम शिल्लक असलेला क्षण अजून आलेला नाही.

या पाठीमागे राहण्यात स्वार्थ असतो. पुढचा वारा फोडतो आणि त्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याची साधारण पाव हिस्सा मेहनत वाचते. वेग जास्त असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून पाळीपाळीने पुढे यायचं, थोडा वेळ वारा खायचा, बाजूला होऊन रांगेच्या शेपटाला जायचं. शेपटाला असताना रस्ता दिसत नाही. पुढच्याने बोट खाली दाखवलं की खड्डा, मूठ वर केली की थांबा. त्याच्या बोटावर आपले दात अवलंबून असतात. इतका भरवसा मी माझ्या सख्ख्या भावावरही टाकलेला नाही, आणि ज्याच्यावर टाकते त्याचं आडनाव मला नीट आठवत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या नौकानयन चमूतल्या बारा जणांवर केलेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला होता. वल्ही मारायच्या यंत्रावर पाऊण तास मेहनत, एकदा एकेकट्याने, एकदा गटाने मिळून तालात. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कळ कुठवर सोसते ते मोजायचं. मेहनत तेवढीच, पण मिळून केल्यावर माणसं जास्त सोसत होती. मेंदूत पाझरणाऱ्या एंडॉर्फिनचा हा प्रताप असावा, असा त्यांचा कयास. आखाड्यात माती उकरणाऱ्या कुठल्याही पैलवानाने हे फुकट सांगितलं असतं. पण मला त्यातली वेगळीच गंमत वाटली. वल्हेकरीही होडीत एकामागे एकच बसतात. त्यांच्याही वाट्याला पाठच येते.

नागपुरात सायकलला अलीकडे जरा इज्जत आली आहे, त्यात डॉ. अमित समर्थ यांचा वाटा मोठा. 2017 मध्ये त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, साधारण 4,900 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,100 किलोमीटरच्या वर. त्यानंतर ‘या वयात सायकल?’ असं विचारणारे शेजारी ‘सायकल केवढ्याची?’ असं विचारू लागले. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्पर्धकाच्या मागे त्याच्या माणसांची गाडी चालते. म्हणजे एकटा म्हणवणाऱ्या त्या माणसाची पाठही कोणीतरी रात्रंदिवस बघतच असतं.

आम्ही त्या जातीचे नव्हेत. आमच्यातले दोघेतिघे ब्रेव्हे करतात, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. बाकीचे त्यांच्या गोष्टी ऐकतात. तरी घड्याळाचं वेड सगळ्यांना सारखंच. म्हणून इंजिनीअरने जानेवारीत टूम काढली की एकदा नुसतंच जाऊ, सराव नाही, वेग नाही, मोजमाप नाही. वकिलांच्या एका पक्षकाराचा खाप्याला संत्र्याचा बगीचा होता. शनिवारी जायचं, रात्री रोडगे करायचे, रविवारी परत. अंतर एका बाजूने पन्नासच्या आतबाहेर. हे ऐकून एकाने ‘मग दोन फेऱ्या मारू’ असं सुचवलंच. त्याला गप्प करण्यात आलं.

छिंदवाडा रोड हा काही सहलीचा रस्ता नाही. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बराच वेळ सोबत करतात, पुढे कोळशाचे ट्रक, रेतीचे ट्रक आणि दोघांनी मिळून केलेले खड्डे. जानेवारीतला वारा उत्तरेचा, म्हणजे थेट तोंडावर. ‘वेग नाही’ असं ठरवून निघालेली माणसं दहेगावच्या आधीच रांगेत लागली. इंजिनीअर पुढे गेला आणि हटेना. गेले काही महिने त्याचं हेच चाललं होतं. पाळी संपली तरी बाजूला व्हायचा नाही, वारा खात राहायचा. आम्ही त्याचं कौतुक करत होतो. गडी तयारीत आला म्हणत होतो.

सावनेरला तर्री-पोहे. तर्रीचा लाल थर पोह्यांवर पसरला की डॉक्टरमधली डॉक्टर पाच मिनिटं सुट्टीवर जाते. सावनेरचं नाव मराठी वाचणाऱ्याला आणखी एका कारणाने ठाऊक असावं. राम गणेश गडकरी इथे वारले, 23 जानेवारी 1919 ला, तेहतीस वर्षांचे असताना. आमच्या टेबलावर तेहतिशीच्या आतला एकच होता आणि तो तिसरी प्लेट मागवत होता. मास्तर तेवढ्यात म्हणाले, “लहानपणी इथे छोट्या गाडीने यायचो. इथून पुढे बैलगाडी नाहीतर पायी.” छिंदवाड्याकडे जाणारी ही छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली, पुढे तिथे मोठी लाईन आली. तिच्याबद्दल सगळे थोडं थोडं बोलले. ‘इथून पुढे’ म्हणजे कुठे, हे कोणी विचारलं नाही. आमची सवयच तशी.

बगीचा चांगला होता. अंबिया बहार उतरून गेलेला, मृगाची फळं झाडावर पिवळसर हिरवी. सालदाराने चटया टाकल्या, विहिरीचं पाणी आणून ठेवलं आणि “आराम करा जी” म्हणून निघून गेला. तिथून गोष्ट बिघडली.

गोल करून बसलो होतो, म्हणजे समोरासमोर. आणि बोलायला काही सुचेना. टायरवर झालं. गुडघ्यांवर झालं. एकाने घड्याळात बघून त्याच्या हृदयाचे ठोके किती खाली आले ते सांगितलं; आम्ही समाधान व्यक्त केलं. हेल्मेट नसताना वकिलांचं टक्कल मी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि उगाच दुसरीकडे बघू लागले. वकिलांनी मग पुढाकार घेतला. प्रत्येकाने स्वतःबद्दल काहीतरी सांगायचं, जे कोणाला माहीत नाही. कचेऱ्यांमधून शिबिरं घेणाऱ्या लोकांनी हे खूळ पसरवलंय. ‘खुलून बोला’ म्हटलं की माणूस जेवढा उघडा असतो तेवढाही मिटतो. एकाने सांगितलं, मला भेंडी आवडत नाही. दुसऱ्याने सांगितलं, मलाही. माझी पाळी आली तेव्हा मी मॅनेजर नसल्याचं सांगता आलं असतं, पण तो खेळ असा काही अंगावर आला होता की मीही भेंडीवरच भागवलं. मास्तर उठले. “गावात चक्कर मारून येतो,” म्हणाले. सगळेच उठलो, सुटका झाल्यासारखे.

खापा हे कन्हानच्या काठावर उंचावर बसलेलं जुनं गाव, तालुका सावनेर. जवळच गुमगावला मँगनीजची खाण आहे, मॉयलची, आणि अंगालाच जंगल. खापा वनपरिक्षेत्रात वाघ दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण गावाची जुनी ओळख विणकरांची, कोष्ट्यांची. नागपूरचं ज्याच्यावर प्रेम आहे ते सावजी जेवणही याच हलबा-कोष्टी घरांतून हॉटेलांत गेलं. एका अरुंद गल्लीत शिरताना मास्तर चालायचे थांबले. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरला आणि त्यांना एका नावाने हाक मारली. ते नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचं आहे.

“गावात येऊन घरी न येता चालला होता का रे?” ती म्हणाली. ती मास्तरांची आत्या. मग तिचं लक्ष खाली गेलं. सायकलच्या तंग चड्ड्या घातलेले आम्ही सगळे रांगेत उभे. “मास्तर झाला म्हणे तू. अन् चड्डीवर फिरून राहिला गावात?”

मास्तरांसारखा माणूस असा लाजलेला मी पाहिला नव्हता. आम्हाला आत नेलं गेलं. लांबट खोली, आणि जमिनीत एक चौकोनी खड्डा, वर फळ्या टाकून झाकलेला. त्यावर धान्याच्या कोठ्या. मास्तरांनी एक फळी सरकवून दाखवली. खड्ड्याचा माग होता इथे, त्यांच्या आजोबांचा. विणणारा काठावर बसायचा आणि पाय आत सोडायचा. हातात धोटा, पायाखाली दोन पट्ट्या. एक दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत पाय खालीवर. पट्ट्या कधीच जळणात गेल्या, पण खड्ड्याच्या भिंतीला जिथे टाच टेकायची तिथे माती गुळगुळीत झाली होती, उजवीकडे जास्त. मी वाकून हात फिरवला. थंडगार होती. “आजोबांना आम्ही मागूनच बघायचो,” मास्तर म्हणाले. “माग दाराकडे तोंड करून होता. पोरं आतल्या अंगाला.” त्यापलीकडे ते बोलले नाहीत. आत्याने तोवर चहा आणि चिवडा आणला, आणि डॉक्टरला लग्न झालं का विचारून टाकलं. नाही म्हटल्यावर घरी कोण असतं तेही विचारलं. आई असते, असं कळलं. आमच्या शिबिराला जे जमलं नव्हतं ते त्या बाईने एका चहात उरकलं.

नदीवर गेलो तेव्हा ऊन कलत होतं. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून उतरणारी कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. नागपूरच्या नळाला तिचं पाणी येतं. रेती तर शहरातल्या भिंतीभिंतीत आहे. जानेवारीत पात्र निम्मं उघडं असतं. वाळूत खड्डे करून, खत भरून डांगरवाड्या लावायचं काम चाललं होतं. आमच्यातले दोघे पोहणारे, तलावात रोज दोन-दोन किलोमीटर मारणारे. पाणी बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले. डांगरवाडीतल्या माणसाने काम न थांबवता सांगितलं, “पाण्यात नका उतरू जी. वरून पोटरीभर दिसते अन् खाली रेती काढल्याचे गड्डे हायेत. पोहता येणारेच जाते.” खालच्या अंगाला वाकीला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याजवळ, याच नदीत जवान पोरं बुडाल्याच्या बातम्या नागपूरचे पेपर नेमाने छापतात. आमच्या पोहणाऱ्यांनी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून समाधान मानलं. तयार शरीराला नाही म्हणायला बाहेरचा माणूस लागतो. आतून ते येत नाही.

रात्री रोडगे. आता यात सगळ्यांना काम होतं, आणि मला वाटतं तिथेच दिवसभराचा आखडलेपणा सुटला. जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट मळायची. सालदाराच्या बायकोने दाखवलं तसं छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेलाचं बोट फिरवायचं, चार-पाच एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरून आणखी एका पुरीत बांधून गोळा वळायचा. तोंड नीट मिटलं नाही तर राख आत जाते. गोवऱ्या पेटून, धूर जाऊन, लाल-राखाडी झाल्या की गोळे त्यांच्यावर. फिरवत राहायचं. शेवटी निखारे पसरून त्यातच झाकून टाकायचे. एकीकडे चुलीवर वांग्याची भाजी, एकीकडे तुरीचं वरण. एकाने एका रोडग्यात किती उष्मांक असतील ते मोजायला फोन काढला. “अबे, तू जेवायला आला का ऑडिट करायला?” वकील म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘अबे’ मी प्रथमच ऐकलं. त्यांना मुली दोन आहेत आणि थोरली त्यांच्याशी बोलत नाही, हेही ते गोळा वळता वळता बोलून गेले, कणीक सैल झाली म्हणावं तसं.

इंजिनीअर माझ्या शेजारी लाटत होता. नजर पोळपाटावर. कोणी काही विचारलं नव्हतं. “दिवाळीच्या आधी मला कामावरून काढलं,” तो म्हणाला. “घरी माहीत आहे. बाकी कोणाला नाही.”

लाटणी थांबली नाहीत, एवढं मला लख्ख आठवतं. कोणी मान वर करून त्याच्याकडे बघितलं नाही, कोणी ‘अरे बापरे’ केलं नाही. वकिलांनी हात पुढे केला आणि त्याच्या पुऱ्या घेऊन त्यांचा गोळा वळला. मास्तरांनी विचारलं, “पहाटे येत होतास ते?” तो म्हणाला, “तेवढंच तर होतं, सर. बाकी दिवसभर काय करू?” मग त्याच्या पगाराचं, हप्त्यांचं, कोणाची कुठे ओळख आहे त्याचं बोलणं झालं. साधं कामाचं बोलणं. निखाऱ्यांकडे तोंड करून सगळे एका ओळीत बसलो होतो. धुरामुळे पलीकडे कोणाला बसता येत नव्हतं. दुपारी वर्तुळात बसून जे साधलं नाही ते या ओळीत आपोआप झालं. मैत्री म्हणजे डोळ्यांत डोळे घालून बोलणं, असं सिनेमे सांगतात. मला त्याचं दडपण येतं. बाजूला बसून एकाच विस्तवाकडे बघणारा माणूस मला जास्त परवडतो; त्याला काही सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते सांभाळत बसावं लागत नाही.

त्याची पाठ काही महिने बोलत होती हे खरं. पुढून न हटणारा माणूस वारा खात होता तो कशासाठी, हे मात्र पाठीवर लिहिलेलं नसतं. पाठ खोटं बोलत नाही आणि कारणही सांगत नाही.

रोडगे फडक्यात घेऊन दाबले की फुटतात, आतून पदर सुटतात, त्यात तूप. ते किती खाल्ले याचा हिशेब फोन घेऊन बसलेल्यानेही ठेवला नाही. खाताना मला आठवलं, 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळ दाखवायला गेला होता. समुद्राचा प्रवास, आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या सहवासात. त्यांनी काय काय केलं ते इतिहासात आहे. बोटीवर संध्याकाळी ते एकमेकांशी काय बोलत असतील, हे मला त्या रात्री जाणून घ्यावंसं वाटलं. एका आखाड्यातली माणसं. जोर-बैठकांबाहेर त्यांनाही भेंडीच सुचली असेल का?

सकाळी नियमभंग झाला. पाचच्या सुमाराला मी दबक्या पावलांनी बूट हातात घेऊन बाहेर पडले, थोडं धावून येऊ म्हणून. बांधावर एक टॉर्च हलत होता. वाघ टॉर्च वापरत नाही, एवढ्या तर्काने पुढे गेले तर मास्तर. त्यांच्या मागे डॉक्टर. रस्त्यावर पोहोचलो तेव्हा मोजमाप न करायची शपथ घेतलेले जवळपास सगळे घड्याळ लावून तिथे हजर होते. रानडुकरं हाकायला रात्रभर जागलेला सालदार घोंगडी पांघरून उभा होता. “कोणी मांगं लागलं का जी?” त्याने काळजीने विचारलं. त्याला समजेल असं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं.

निघताना आत्याचा निरोप आला, पुढच्या वेळी नीट कपडे घालून या. परतीचा रस्ता हलका, वारा पाठीवर, सायकल आपोआप पळते. अशा वेळी रांग करायचं फारसं कारण नसतं. पुढे राहिलं काय, मागे राहिलं काय, कष्ट जवळपास सारखेच. तरी सावनेर सोडल्यावर इंजिनीअर सवयीने पुढे निघाला तसे वकील, ब्रेकवरचं बोट न काढता, त्याच्या बाजूने पुढे गेले आणि समोर लागले. तो पुन्हा पुढे यायला बघतो तो डॉक्टर. मग मास्तर, उजवी टाच आत वळवत. त्याला रांगेच्या मधोमध घेऊन सगळे चालले होते. कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. पाटणसावंगीपर्यंत त्याने ते सहन केलं.

“अबे, वारा मांगून आहे,” तो मागून ओरडला. “आडोसा कायचा देऊन राहिले?”

“खड्डा,” वकील म्हणाले, आणि बोट खाली केलं.